बैल, वळू आणि मस्तकांतील ग्रंथि

श्रावणी अमावास्येस दिंडोरीच्या वेशींतून पोळ्याचे बैल निघतात, तेव्हां त्यांच्या अंगावर झूल असते आणि चाल अशी शांत कीं, लहान मुलानेंही कासरा धरावा. गोठ्यांत मागें राहिलेला डांगी वळू मात्र दाव्याला हिसके देत डुरकत असतो. कदाचित् दोघेही एकाच गाईचे पुत्र असतील. मग हा भेद कशाचा? शेतकरी सांगेल, बैल खच्ची केलेला आहे. उत्तर खरें आहे, परंतु अर्धेंच.

वळूच्या वृषणांत टेस्टोस्टेरोन नांवाचें द्रव्य तयार होऊन रक्तांत मिसळतें. भरदार वशिंड, रग, माजावरील गाईची ओढ हीं सारीं त्याचीं कार्यें. पण वृषण हे स्वतंत्र नव्हेत. मेंदूच्या तळाशीं, हाडाच्या खोबणींत पिट्युइटरी ही इवलीशी ग्रंथि असते. तिचा हुकूम रक्तावाटे पोहोंचला तरच तेथील काम चालतें. फिलिप स्मिथ ह्या अमेरिकन संशोधकानें १९२७ च्या सुमारास उंदरांची ही ग्रंथि काढून टाकली. वृषणांना शस्त्र लागलें नसतांही ते आक्रसून गेले. त्याच ग्रंथीचे ताजे तुकडे प्रत्यहीं शरीरांत बसवितांच ते पुन्हां वाढूं लागले.

हे हुकूम दोन. एल्. एच्. हा स्राव वृषणांतील लायडिग पेशींकडून टेस्टोस्टेरोन तयार करवितो, एफ्. एस्. एच्. हा सर्टोली पेशींच्या द्वारें शुक्रजंतूंच्या संगोपनास साहाय्य करतो. पिट्युइटरीवरही मेंदूंतील हायपोथॅलॅमसचा अंमल असतो. तो थांबून थांबून तिला इशारे पाठवितो. रक्तांत टेस्टोस्टेरोन पुरेसें झालें कीं, तेंच उलट निरोप धाडतें : 'आतां पुरे.'

खच्ची बैलाच्या शरीरांत हा निरोप जातच नाहीं. त्याची पिट्युइटरी अधिकच मोठ्यानें हुकूम सोडीत राहते. ऐकणारा मात्र कोणी उरलेला नसतो.

ह्यांत व्यवहाराचा एक धडा आहे. वळू मंदावला म्हणून टेस्टोस्टेरोन बाहेरून टोंचावें, असें सहज वाटतें. परंतु तसें केल्यास मेंदूस 'पुरे' हा निरोप मिळतो, एल्. एच्. आटतें, वृषण लहान होतात आणि शुक्रजंतु घटतात. जोम वाढविण्याच्या उपायानेंच वंश खुंटतो! पिळदार दंडांसाठीं हीं इंजेक्शनें घेणाऱ्या तरुणांचीही हीच गत होते. तीं सोडल्यावर शरीर पूर्वपदावर येण्यास कित्येक महिने लागतात. म्हणून वळूचें वय, चारा व रोग पशुवैद्याकडून आधीं तपासून घ्यावेत. धन्याचा आवाज क्षीण झाला असेल, तर चाकरावर ओझें लादून काय उपयोग?