यकृतविकार आणि मातृत्व : वेळेवर केलेला खर्च

(वार्षिक सभेतील प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या भाषणाचा मजकूर)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमचे डॉक्टर समोर बसलेले असताना औषधोपचारांविषयी अधिकारवाणीने बोलणे मला शोभणार नाही. तथापि, जमाखर्चाच्या वह्या पाहताना मनात ठसलेली एक गोष्ट आपल्यापुढे ठेवण्याची अनुज्ञा असावी.

यकृताचा जुनाट विकार असलेल्या स्त्रीने आई होण्याचा विचारच करू नये, असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. आज योग्य देखरेखीखाली अशा अनेक स्त्रियांची प्रसूती सुखरूप होते. आपल्या देशात तरुण वयात आढळणारा एक विकार म्हणजे यकृताकडे रक्त नेणारी मुख्य शीर लहानपणीच बंद होणे. अशा स्त्रीचे यकृत बहुधा नीट काम करीत असते. धोका असतो तो अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांचा. सिरोसिसमध्ये शिरांचाही धोका असतो आणि यकृतही दुबळे झालेले असते.

गर्भारपणात शरीरातील रक्त सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. या शिरांवरील दाब त्यामुळे आणखी वाढतो. दुसऱ्या तिमाहीत आणि प्रसूतीच्या वेळी त्या फुटण्याची भीती अधिक. म्हणून दुर्बिणीची तपासणी शक्यतो गर्भधारणेपूर्वी, नाहीतर दुसऱ्या तिमाहीत करतात आणि मोठ्या शिरा दिसल्यास त्यांना रबरी कड्या घालून बांधतात. हिशेबाच्या वहीत हा खर्च एका ओळीत मावतो. शीर फुटली, तर रक्ताच्या पिशव्या, अतिदक्षता विभाग, अपुऱ्या दिवसांच्या बाळाची काचपेटी अशी पानेच्या पाने भरतात आणि एवढे करूनही दोन्ही जीव हाती लागतीलच असे नाही.

औषधांबाबत घरोघरी मोठा गैरसमज आहे. ‘बाळाला बाधेल’ म्हणून दिवस राहताच गोळ्या बंद केल्या जातात. स्वयंप्रतिकारजन्य यकृतदाहात ॲझाथायोप्रिन सहसा चालू ठेवतात. ते थांबवल्यास आजार उसळतो. मायकोफेनोलेट मात्र गर्भास घातक असल्याने गर्भधारणेपूर्वीच बदलून घ्यावे लागते. कोणती गोळी ठेवायची आणि कोणती सोडायची, हा निर्णय शेजारीपाजाऱ्यांचा नव्हे.

हिपॅटायटिस बी असलेल्या मातेच्या रक्तात विषाणूंचे प्रमाण जास्त असेल, तर साधारण २८व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिर देतात. बाळाला जन्मानंतर लवकरात लवकर, २४ तासांच्या आत, लस द्यावी लागते आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनही, शक्यतो १२ तासांच्या आत. मग आईने बाळाला अंगावर पाजण्यास हरकत नसते. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या आजाराची तपासणी व औषधे विनामूल्य मिळण्याची सोय आहे. परंतु मध्यरात्री प्रसूती झाली आणि बाळाचा बाप चिठ्ठी घेऊन औषधांची दुकाने धुंडाळू लागला, तर ते १२ तास पाहता पाहता सरतात. ती कुपी प्रसूतिगृहाच्या शीतकपाटात आधीच असली पाहिजे, आणि ही जबाबदारी डॉक्टरांची नसून माझ्या कचेरीची आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखतात, तसेच एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वळती करतात. योजना उत्तमच आहे. पण जिला अद्याप खाट लागलेली नाही, ती स्त्री खाटांच्या हिशेबात दिसत नाही. आणि पैसा नेमका तिच्यावर तेव्हाच खर्च व्हायला हवा. देणगीदारांना यंत्रावर आपल्या नावाची पाटी पाहून समाधान वाटते, ते स्वाभाविकच आहे. रबरी कडीवर पाटी लावता येत नाही, एवढीच अडचण!

अशा तपासण्या, कड्या व इम्युनोग्लोब्युलिन यांसाठी स्वतंत्र निधी असावा, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहे. आप्तस्वकीयांना एकच विनंती: सुनेचा वा लेकीचा जुना आजार नाव नोंदवताना लपवू नये, आणि पूर्वीचे केसपेपर व दुर्बिणीचे अहवाल पहिल्याच भेटीत सोबत आणावेत.