ड्रॅगन कुणाच्या मालकीचा?

मागच्या भागानंतर एकच प्रश्न सारखा आला : "ताई, ड्रॅगन काढून पोट भरतं का?" भरतं. पण नुसत्या ड्रॅगनवर नाही, त्याच्यासोबत येणाऱ्या करारावर. म्हणून आज स्टायलस बाजूला.

कामाचं पटकन सांगते. पत्त्यांचा गेम काढणारे किंवा पुस्तकवाले वर्णन पाठवतात : जखमी राक्षसीण, मागे जळतं गाव. मी तीन-चार छोटी स्केचेस देते, एक ठरतं, मग रंगकाम. पत्त्यावर चित्र छापून येतं जेमतेम दोन इंच रुंद. म्हणून मी स्केच मोबाईलवर नखाएवढं करून बघते. तिथे राक्षसीण ओळखू आली नाही, तर चिलखतावरची सगळी नक्षी पाण्यात.

आता मुद्द्याचं. दोन वर्षांपूर्वी एका स्टुडिओनं मला चौदा चित्रांचं काम देऊ केलं. सहा महिन्यांचं घरभाडं सुटेल एवढी रक्कम. करारात एक ओळ होती : सगळे हक्क, कायमचे, जगभर, आणि चित्रं कुठेही दाखवायची नाहीत. बाबा म्हणाले, "पैसे देतायत ना, मग?" पण आमच्या धंद्यात आधीचं काम बघूनच पुढचं काम मिळतं. चौदा चित्रं लपवायची म्हणजे चार-पाच महिने मी नुसती बसून होते असंच दिसणार! मी दोन गोष्टी मागितल्या : गेम बाजारात आल्यावर चित्रं पोर्टफोलिओत टाकायची परवानगी, आणि प्रिंट विकायचा हक्क. पहिली मिळाली. दुसरीला नकार आला, तेव्हा रक्कम वाढवून घेतली आणि सही केली. कॉमिक कॉनच्या टेबलावर त्यातली राक्षसीण नाही, याचं अजून वाईट वाटतं, खरं सांगते.

आणि हो, "मी काढलं म्हणजे माझंच" असं धरून चालू नका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा. पैसे घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून पेंटिंग किंवा पोर्ट्रेट केलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. गप्प बसलात की गेलं. कलम १९ मात्र आपल्या बाजूचं आहे : हक्क लिहून देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. त्या ओळीत "कायमचे" आणि "जगभर" का घुसवलेलं असतं, कळलं ना?

मी वकील नाही हं, मोठा करार वकिलाला दाखवाच. पण छोट्या कामालाही, अगदी मित्राच्या पुस्तकाचं कव्हर असलं तरी, मी सुरुवातीलाच मेल टाकते : चित्र कशासाठी, किती वर्षं, काम मध्येच रद्द झालं तर किती पैसे. मित्र आधी हसतात, मग "ओके" लिहितात.

तुमच्या करारात अशी एखादी ओळ असेल तर नाव आणि रक्कम झाकून पाठवा. पुढच्या भागात बसून वाचू.