चुलीपाशी सापडलेला पुरावा

आज बियाणं नाही, हप्ता नाही, कुठला फॉर्म भरायचा तेही नाही. आज दोन बायांच्या गोष्टी सांगणार आहे. एक जपानची, एक अमेरिकेची. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. पण दोघींनी स्वयंपाकघरातलं जग कागदावर आणलं, आणि ते साऱ्या देशाला बघायला लावलं. हातातलं निवडणं-टिपणं चालू राहू द्या, कान इकडे द्या.

जपानमध्ये चित्रांच्या गोष्टींना मांगा म्हणतात. आपल्याकडे चित्रकथा म्हटली की ती पोरांची, असं आपण धरून चालतो. तिथे तसं नाही. तिथे आजोबाही वाचतात, ऑफिसला जाणारी बाईही वाचते. पुस्तक आपल्या हिशेबाने मागून उघडायचं आणि उजवीकडून डावीकडे वाचत जायचं.

माचिको हासेगावा ही १९२० साली जन्मलेली. वडील लवकर गेले. आई आणि तीन मुली, अशा चौघीच राहिल्या. माचिकोला चित्रांचं वेड. शाळेत असतानाच तिने सुइहो तागावा या त्या काळच्या मोठ्या चित्रकाराकडे शिकायला सुरुवात केली. मग महायुद्ध आलं. १९४५ साली जपान हरला, शहरं जळालेली, खायला अन्न नाही. आणि १९४६ च्या एप्रिलमध्ये फुकुओका शहरातल्या एका वर्तमानपत्रात माचिकोची चार चौकटींची चित्रकथा सुरू झाली. नाव ‘साझाए-सान’.

साझाए म्हणजे समुद्रातला एक शंख. घरातल्या सगळ्यांची नावं तिने समुद्रातूनच उचलली. भावाचं नाव एका माशाचं, बहिणीचं समुद्री शेवाळाचं, आईचं नाव म्हणजे होडी. ही साझाए कशी? धांदरट, मोठ्याने बोलणारी, चुकली तर स्वतःलाच हसणारी. त्या चौकटींत रेशनची रांग होती, रताळी होती, पुरवून पुरवून वापरायचे जिन्नस होते. राजा-राणी नाही, लढाई नाही. ज्या बायका रोज त्या रांगेत उभ्या राहात होत्या, त्यांना आपलंच घर पेपरात दिसलं.

आता मला आवडतो तो भाग. तिच्या आईने ठरवलं, मुलींच्या कामाला टोकियोतच वाव आहे. तिने घर विकलं आणि तिघी मुलींना घेऊन निघाली. विचार करा, युद्धानंतरचे दिवस, घरात पुरुष नाही, आणि डोक्यावरचं छप्पर विकून पुस्तकं छापायची! बहिणींनी स्वतःचं प्रकाशन काढलं, त्याचं नावच ‘शिमाईशा’, म्हणजे बहिणींची संस्था. सुरुवातीला पुस्तकाचा आकार चुकला. मोठं, आडवं पुस्तक दुकानदारांना मांडायला गैरसोयीचं, म्हणून गठ्ठे परत आले. मग लहान आकारात छापलं, आणि ते चाललं. मालाची चव चांगली पण पाकीट दुकानाच्या फळीवर बसेना, हा अनुभव आपल्यातल्या किती जणींना आहे!

पुढे ही चित्रकथा ‘असाही’ या मोठ्या दैनिकात १९७४ पर्यंत चालली. सहा हजारांवर चित्रकथा झाल्या. १९६९ पासून टीव्हीवर रविवारी संध्याकाळी त्याची मालिका लागते, ती आजतागायत चालू आहे. मध्येच एका बस कंपनीने सहलीच्या गाड्यांवर साझाए आणि तिच्या भावा-बहिणीचे चेहरे रंगवून टाकले, विचारलंसुद्धा नाही. माचिको कोर्टात गेली. १९७६ साली कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. चेहरे माझे आहेत, मी काढलेत, एवढंच तिचं म्हणणं. आपल्या गटाच्या पापडाच्या पाकिटावरचं चित्र कुणी काढलं आणि ते कुणाच्या नावावर आहे, हे एकदा बघून ठेवायला हरकत नाही.

आता दुसरी गोष्ट. ही जरा जड आहे, घरात लहान मुलं असतील तर बघा.

अमेरिकेत आयोवा नावाचं शेतीचं राज्य आहे. मक्याचा मुलूख, थंडी कडाक्याची, घरं लांब लांब. १९०० सालच्या डिसेंबरात तिथे जॉन होसॅक नावाच्या शेतकऱ्याचा रात्री झोपेत कुऱ्हाडीने खून झाला. बायको मार्गारेट म्हणाली, मी शेजारीच झोपले होते, आवाजाने जाग आली. तिलाच पकडलं. त्या घरात नवऱ्याचा जाच होता, हे शेजारपाजाऱ्यांना ठाऊक होतं. खटल्यात मात्र तो जाचच तिच्या अंगावर आला, कारण जाच म्हणजे मारायला कारण! निकाल द्यायला बसलेले सगळे पुरुष. तिथे तेव्हा बायकांना ज्युरीत बसता येत नव्हतं. तिला जन्मठेप झाली. पुढे वरच्या कोर्टाने तो निकाल रद्द केला, दुसऱ्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही आणि ती सुटली. खून कुणी केला ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही.

या खटल्याच्या बातम्या देणारी एक तरुण बाई होती, सुझन ग्लास्पेल. ती बातमीसाठी त्या घरी, त्या स्वयंपाकघरात जाऊन आली होती. निकालानंतर थोड्याच दिवसांत तिने वर्तमानपत्राची नोकरी सोडली. पण ते स्वयंपाकघर तिच्या डोक्यातून गेलं नाही.

पंधरा वर्षं गेली. ती आणि तिचा नवरा प्रॉव्हिन्सटाऊन या समुद्रकाठच्या गावी राहात होते. तिथे काही लेखक-कलाकार मंडळींनी मासळीच्या जुन्या धक्क्यावरच्या एका शेडमध्ये नाटकं सुरू केली होती. मोठ्या शहरांतली नाटकं तेव्हा धंद्याच्या हिशेबाने चालायची. इथे बाकं टाकून, स्वतः लिहून, स्वतःच काम करायचं. अमेरिकेच्या नव्या नाटकाचं मूळ शोधणारे आजही या शेडपाशी येतात. १९१६ च्या उन्हाळ्यात नवऱ्याने जाहीर करून टाकलं की पुढचं नाटक सुझनचं. तिच्याकडे नाटक होतंच कुठे! ती त्या रिकाम्या रंगमंचासमोर बाकावर जाऊन बसली आणि बघत राहिली. बघता बघता तिथे तिला ते जुनं स्वयंपाकघर दिसायला लागलं. ते नाटक म्हणजे ‘ट्रायफल्स’, क्षुल्लक गोष्टी.

नाटकात कुऱ्हाडीऐवजी दोरी आहे. नवरा झोपेत गळा आवळून मेलेला, बायको मिनी तुरुंगात. घरात पाच माणसं येतात. शेरीफ, वकील आणि शेजारी हेल हे तिघे पुरुष पुरावा शोधायला माडीवर जातात, गोठ्यात जातात. शेरीफची बायको पीटर्सबाई आणि शेजारीण हेलबाई मिनीला थोडे कपडे नेऊन द्यायचे म्हणून स्वयंपाकघरात थांबतात. थंडीने मुरांब्याच्या बरण्या फुटल्यात, टॉवेल मळका आहे. पुरुष हसतात. जिच्यावर खुनाचा आळ, तिला मुरांब्याची काळजी!

पण या दोघींना दिसतं की टेबल अर्धंच पुसलेलं आहे. हातातलं काम मध्येच का सुटलं? मग गोधडीचे तुकडे सापडतात. सगळे टाके एकसारखे, आणि एकाच तुकड्यावर वेडेवाकडे. तुम्ही धावदोरा घालता, तुम्हाला सांगायला नको, हात कधी असा चालतो ते. हेलबाई गुपचूप ते टाके उसवते आणि सरळ घालायला लागते. मग पक्ष्याचा पिंजरा सापडतो, त्याचं दार मोडलेलं. शेवटी शिवणाच्या डब्यात एक छोटी पेटी, तिच्यात रेशमी कापडात गुंडाळलेला पक्षी. मान मुरगळलेली. मिनी लग्नाआधी चर्चमध्ये गायची. लग्नानंतर ते गाणं बंद झालं. घरात गाणारा तो एक पक्षी होता.

पुरुष शोधत होते ते कारण हेच. ते बायकांच्या हातात आहे, आणि जिन्यावर पुरुषांची पावलं वाजतात.

हेलबाईला त्या वेळी सगळ्यात जास्त काय टोचतं? ती जवळ राहात होती, पण वर्षभर मिनीकडे फिरकली नव्हती. त्या घरात बरं वाटत नाही म्हणून टाळलं. ती म्हणते, हाही गुन्हाच आहे, याला शिक्षा कोण देणार? आणि पीटर्सबाई तर कायद्याची बायको. तीसुद्धा पेटी उचलायला जाते, तिला जमत नाही. हेलबाई पेटी घेते आणि कोटाच्या खिशात घालते. पुरुष परत येतात, थट्टेने विचारतात, गोधडी कशी शिवणार होती? हेलबाई शिवणातलंच उत्तर देते. नाटक संपतं.

पहिल्या प्रयोगात हेलबाईचं काम सुझननेच केलं होतं. पुढे १९३१ साली दुसऱ्या एका नाटकासाठी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. पण जगभर होतं ते हे अर्ध्या तासाचं, दोन बायकांचं नाटक.

काही जणी म्हणतील, पुरावा लपवला हे चूकच केलं. आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीतही यावरून दोन तट पडले, मी कुठल्या तटात ते आज सांगत नाही. तुम्ही त्या स्वयंपाकघरात उभ्या असता, जिन्यावर पावलं वाजत असती, तर पेटीचं काय केलं असतं? गटात बोला, आणि बुधवारी फोन करून कळवा. नमस्कार.