आधीं पाणी, मग आमिष

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

मासे धरण्याचे हेतु दोन : एक पोटासाठीं आणि दुसरा करमणुकीसाठीं. पोटासाठीं मासे धरणाऱ्याला आपली नदी लहानपणापासून ठाऊक असते. कोणत्या महिन्यांत कोणत्या डोहावर जाळें टाकावें, हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. परक्या मुलुखांत आठ दिवसांच्या सुट्टीवर जाणाऱ्या हौशी मनुष्याची गोष्ट मात्र निराळी. त्याच्यापाशीं पैसा असतो, उत्साह असतो, रंगीबेरंगी बनावट आमिषांनीं भरलेली पेटी असते. नसते ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे त्या पाण्याची ओळख. आजच्या भाषणाचा विषय आहे पीकॉक बास नांवाचा मासा आणि त्याला गळास लावण्याची कला. ह्या माशाच्या बाबतींत पाण्याची ओळख नसली तर नुसती शिकार हुकते असें नव्हे. कधीं कधीं पिलांनीं भरलेलें एखादें घरच्या घर बुडतें. तें कसें, हें पुढें येईलच.

प्रथम माशाविषयीं. पीकॉक म्हणजे मोर. ह्या माशाच्या शेपटीच्या बुडाशीं सोनेरी कड्यानें वेढलेला एक काळा ठिपका असतो. तो मोरपिसावरील डोळ्यासारखा दिसतो, म्हणून हें नांव पडलें. बास हें मात्र इंग्रजी बोलणाऱ्यांनीं चिकटविलेलें उसनें आडनांव होय. उत्तर अमेरिकेंतील बास माशांशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. तो सिक्लिड कुळांतला आहे. आपल्या कोंकणांत व गोव्यांत खाडीच्या मचूळ पाण्यांत सांपडणारा कालुंदर, ज्याला केरळांत करीमीन म्हणतात, तोही ह्याच कुळांतला. दोघांचें कूळ एक, आणि एक गुणही समान : नर व मादी हीं दोघें मिळून पिलांचा सांभाळ करतात.

पीकॉक बासचें मूळ घर म्हणजे दक्षिण अमेरिकेंतील अमेझॉन आणि ओरिनोको ह्या महानद्यांचीं खोरीं. ब्राझीलमध्यें त्याला तुकुनारे म्हणतात. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय पाहणींत त्याच्या १५ जाती मानल्या आहेत. त्यांपैकीं सर्वांत मोठी जात रिओ नेग्रोच्या खोऱ्यांत आढळते. २०१० सालीं सांता इसाबेल दो रिओ नेग्रो ह्या गांवीं गळाला लागलेला एक मासा २९ पौंड १ औंस, म्हणजे १३ किलोंहून किंचित् अधिक भरला व तो जागतिक विक्रम म्हणून नोंदला गेला. अशा माशाच्या आशेनें जगभरचे हौशी लोक मानाउस शहरीं उतरतात आणि तेथून सुमारें ४०० किलोमीटर वर असलेल्या बार्सेलोसची वाट धरतात.

रिओ नेग्रो म्हणजे काळी नदी. तिचें पाणी कोऱ्या चहासारखें दिसतें. जंगलांतील कुजलेल्या पाल्याचा अर्क त्यांत उतरलेला असतो; त्यामुळें तें आम्लधर्मी होतें आणि तेथें डांसही फार नसतात. ह्या नदीचा खरा चमत्कार तिच्या चढउतारांत आहे. मानाउसपाशीं वर्षाकांठीं तिची पातळी सुमारें १० मीटर वरखालीं होते. पूर आला म्हणजे नदी आपले कांठ सोडून मैलोगणती अरण्यांत शिरते, आणि लहान माशांच्या पाठोपाठ तुकुनारेही झाडांच्या बुंध्यांमधून हिंडूं लागतो. अशा वेळीं पेटींतील एकही आमिष उपयोगाचें नाहीं. कारण मासा जेथें आहे तेथें गळ पोंचतच नाहीं. पाणी ओसरलें म्हणजे मात्र सारे मासे तळ्यांत व अरुंद प्रवाहांत एकवटतात. रिओ नेग्रोच्या मधल्या भागांत हा काळ साधारणपणें ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा असतो. तरी पंचांगावर फार विसंबूं नये. मानाउसला पातळीची नोंद १९०२ पासून होत आली आहे. २०२३ सालीं त्या नोंदींतील नीचांक मोडला आणि २०२४ सालीं तोही मागें पडला. म्हणून तिकीट काढण्यापूर्वीं ‘तारीख कोणती’ असें न विचारतां ‘पाणी केवढें, आणि तें चढतें आहे कीं उतरतें’ असें विचारावें. उतरतें पाणी मासे गोळा करतें. चढतें पाणी, मग तें थोडेंच कां असेना, त्यांना पांगवतें.

आतां आमिषांकडे वळूं. मुख्य आमिषें तीन. पहिलें पंख्याचें. हें वीतभर लांबीचें जड लांकडी मासळीसारखें असून त्याच्या शेपटाशीं धातूचा पंखा बसविलेला असतो. काठीचें टोक खालीं ठेवून त्याला झटके दिले कीं पाणी फाडल्यासारखा आवाज होतो. दुसरा मासा शिकार करतो आहे असें समजून तुकुनारे चवताळून येतो. मोठा मासा हवा असेल तर हें आमिष उत्तम. परंतु दिवसभर तें ओढणें म्हणजे विहिरीवर रहाट ओढण्यासारखें आहे, आणि दंड भरून येतात. दुसरें आमिष जिग. शिशाचा गोळा व त्यामागें हरणाच्या शेपटीच्या केंसांचा झुबका, वजन सुमारें १४ ग्रॅम. तें पाण्यांतून उड्या मारीत वेगानें ओढावें. ह्यानें मासे पुष्कळ मिळतात आणि लहान मुलांनाही तें झेपतें. तिसरें म्हणजे पाण्याखालून पोहणारी लांकडाची अथवा प्लास्टिकची मासळी. ऊन चढून मासे बुजरे झाले, पृष्ठभागावर येईनासे झाले, म्हणजे ती उपयोगी पडते. मऊ रबराचीं आमिषें मात्र घरींच ठेवावींत. पिरान्हा मासे त्यांचे पहातां पहातां तुकडे करून टाकतात.

ह्या तिन्ही आमिषांचा एकच नियम आहे : वेग. तुकुनारे डोळ्यांनीं शिकार करणारा मासा आहे. रेंगाळणाऱ्या वस्तूचा तो विचार करीत बसतो, पळणाऱ्या वस्तूवर विचार न करतां झडप घालतो. दुसरा नियम धीराचा. पंख्याच्या आमिषाभोंवतीं पाणी उसळलें कीं नवखा मनुष्य घाबरून काठी उपसतो आणि आमिष माशाच्या तोंडांतून निसटतें. दोरीला वजन लागेपर्यंत थांबावें. मासा चुकला तर त्याच भोंवऱ्यांत तत्काळ जिग टाकावा. पुष्कळदां तोच मासा परत येतो. आमिष पडलेल्या झाडाशीं, तळ्याच्या तोंडाशीं किंवा वाळूच्या दांड्याच्या कडेला टाकावें. पहांटे अंधारांत उठण्याचें कारण नाहीं. हा मासा रात्रीं विसांवतो आणि उन्हें वर आल्यावर कामाला लागतो. दोरी विणलेली व भक्कम असावी, कारण गळ लागतांच तो बुडालेल्या लांकडांत शिरतो. दुकानांतून आमिषाबरोबर येणारे बारीक तिहेरी गळ तो सरळ करून टाकतो. ते काढून त्यांच्या जागीं जाड एकेरी गळ बसवावे आणि त्यांचे उलटे कांटे चिमट्यानें दाबून टाकावे. त्यानें माशाचें तोंड फाटत नाहीं, आणि बोटांत गळ रुतला तर माणसाचेंही हाल होत नाहींत. डॉक्टर शंभर कोसांवर असतो, हें विसरूं नये.

येथपर्यंत झाली ती हातोटी. आतां त्या घराची गोष्ट. विणीच्या काळीं नराच्या कपाळावर मोठें टेंगूळ येतें. त्या वेळीं जोडपें आपल्या जागेवर पहारा करतें, आणि पिलांचा ढग पाण्यांत हलत असतां तें कित्येक आठवडे त्याच्या अवतीभोंवतीं फिरतें. जवळ आलेल्या कोणत्याही वस्तूवर तें तुटून पडतें. भुकेनें नव्हे, रागानें. म्हणजे ह्या वेळीं मासा धरणें सर्वांत सोपें. एक गळाला लागला कीं त्याच्या मागोमाग येणाऱ्या जोडीदारापुढें दुसऱ्यानें जिग टाकावा, आणि दोघांनीं दोन मासे हातांत घेऊन छायाचित्र काढावें, अशी एक युक्ति प्रचलित आहे. युक्ति बिनचूक आहे. परंतु तेवढ्या वेळांत पिलांना वाली उरत नाहीं, आणि भोंवतालचे मासे त्यांचा फडशा पाडतात. पिलें दिसलीं तर त्यांच्या राखणदाराला गळ टाकूं नये, हेंच उचित. चुकून लागलाच तर त्याला पाण्याबाहेर फार वेळ न ठेवतां, जेथें धरला तेथेंच सोडावा. दूर नेऊन सोडलेला बाप वेळेवर घरीं पोंचेल अशी खात्री नसते. सोडतांनाही सावध असावें. तेथील गोड्या पाण्यांतले डॉल्फिन नावांच्या मागें येतात आणि थकलेला मासा हातून सुटतांच गट्ट करतात. म्हणून त्याला हातांत धरून दम घेऊं द्यावा आणि झुडपांच्या आडोशाला उथळ पाण्यांत सोडावा.

परंतु ‘धरलेला मासा सोडावा’ हा नियमही सर्व पाण्यांना सारखा लागू नाहीं, आणि हीच ह्या विषयांतील लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. पनामा कालव्यासाठीं चाग्रेस नदी अडवून गातून सरोवर झालें. १९६७ च्या सुमारास एका खासगी तळ्यांत हौसेनें पाळलेले पीकॉक बास निसटून त्या पाण्यांत आले. १९७३ सालीं थॉमस झारेट व रॉबर्ट पेन ह्या दोन शास्त्रज्ञांनीं तेथील हकीकत प्रसिद्ध केली : पूर्वीं विपुल असलेल्या ८ स्थानिक जातींपैकीं ६ नाहींशा झाल्या होत्या, आणि सातवी कशीबशी उरली होती. त्या लहान माशांवर जगणारे पाणपक्षीही कमी झाले. ह्या सरोवरांत हा मासा घरचा धनी नसून घुसलेला परका आहे. तेथील लोक त्याला सार्हेंतो, म्हणजे हवालदार, म्हणतात आणि आवडीनें खातात. तेथें तो धरून तव्यावर टाकणें ह्यांत गैर कांहीं नाहीं.

तिसरें पाणी फ्लॉरिडाचें. मायामीच्या आसपासच्या कालव्यांत आफ्रिकेंतून आलेल्या तिलापिया माशांचा सुळसुळाट झाला, तेव्हां त्यांना आवरण्यासाठीं १९८४ सालीं सरकारनेंच पीकॉक बासची एक लहान जात तेथें सोडली. हा चाकरीवर नेमलेला पाहुणा म्हणावयाचा. पाणी १५ अंशांच्या खालीं गेलें तर तो जगत नाहीं; जानेवारी २०१० च्या थंडींत असे पुष्कळ मासे मेले. त्यामुळें तो दक्षिणेंतील उबदार कालवे सोडून फार उत्तरेकडे पसरूं शकत नाहीं. तेथें रिओ नेग्रोचें वीतभर आमिष नेणें म्हणजे माशी मारण्यास तोफ नेणें होय. हलकी काठी आणि बोटाएवढी मासळी पुरते. परवाना काढावा, किती मासे व केवढे ठेवावे ह्याचे तेथील नियम पाळावे. नोकरीधंद्यानिमित्त अमेरिकेंत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना सुट्टींत मुलांसह जाण्यास हीच जागा सर्वांत सोयीची.

मासा एकच, परंतु एका पाण्यांत तो यजमान, दुसऱ्यांत आगंतुक, तिसऱ्यांत चाकर. म्हणून आमिषाच्या पेटीचें झांकण उघडण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे : पाणी चढतें कीं उतरतें? मासा भुकेनें येतो आहे कीं पिलांसाठीं? आणि ह्या पाण्यावर त्याचा हक्क किती? ह्यांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे कोणतें आमिष बांधावें हें समजावयास वेळ लागत नाहीं, आणि धरलेल्या माशाचें पुढें काय करावें हेंही समजतें.