कोऱ्या चहाची परीक्षा
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मंडळाच्या वर्धापनदिनी दोन शब्द बोलावेत, असा निरोप आला तेव्हा मी आधी नकारच दिला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि भाषणाची सवय मुळीच नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुम्ही चहा ओळखण्याचा खेळ मांडलात, तेवढेच सांगा." म्हणून उभी आहे. चुकलेमाकले पदरात घ्यावे.

तो खेळ मी मांडला, त्याला कारण होते. २०२१ सालच्या कोरोनात ताप चार दिवसांत उतरला, पण नाकाचा वास गेला तो परत येईना. प्रथम मी कोणाला सांगितले नाही. डोळा नाही, कान नाही, नुसता वासच तर गेला, त्याचे काय मोठेसे, असे वाटले. पुढे एके दिवशी डाळ करपून तिचा कोळसा झाला तरी मी ओट्यापाशी स्वस्थ उभी! नासलेल्या दुधाचा चहा मी पाहुण्यांपुढे ठेवला. गॅसचे बटण अर्धवट उघडे राहिले होते, ते सासूबाईंच्या लक्षात आले म्हणून निभावले. त्या रात्री मात्र मला रडू आले. ज्या बाईच्या हातात सगळ्या घराचे अन्न, तिला वास नसावा ही गोष्ट लहान नव्हे.

डॉक्टरांनी एक साधा अभ्यास सांगितला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरीचे तेल, हे चार वास सकाळ-संध्याकाळ मन लावून घ्यावयाचे, निदान बारा आठवडे. २००९ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी ही रीत तपासून पाहिली होती, असे मुलीने वाचून सांगितले. सर्वांनाच गुण येतो असे नाही. मला चौथ्या महिन्यात प्रथम लवंग कळली. बाकीचे वास हळूहळू, अर्धेमुर्धे आले.

पुढे भाच्याने सुवासिक कोऱ्या चहाच्या चार पुड्या आणल्या. मनात आले, एकटीने हुंगत बसण्यापेक्षा सगळ्याजणी मिळून ओळखू या. चहा पारखणाऱ्यांची एक ठरलेली रीत आहे. १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती घ्यावयाची आणि ६ मिनिटे झाकून ठेवावयाची. दूध नाही, साखर नाही. मग चमच्याने घेऊन जोराने भुरका मारावयाचा! मुलांना आपण ज्यासाठी रागावतो तेच येथे करावे लागते. भुरक्याबरोबर हवा आत जाते आणि घशामागून वास नाकाला पोचतो. जिभेला फक्त गोड, आंबट, खारट, कडू असे थोडेच कळते. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ती बहुतेक नाकाचीच असते. नाक दाबून वेलदोडा चावून पाहा, म्हणजे पटेल.

आता आमची फजिती ऐका. पहिला पेला फिरला आणि सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "मोगरा!" नंतर ध्यानात आले की मोगरा डोक्यात होता, पेल्यात नव्हता. गजरे काढून दुसऱ्या खोलीत ठेवले, उदबत्ती विझविली आणि पुन्हा सुरुवात केली.

तोच पेला पुन्हा दिला. एक म्हणाली संत्र्याची साल, दुसरी म्हणाली कोलनवॉटर, तिसरी म्हणाली धणे. धणे ऐकून सगळ्या हसल्या. तो अर्ल ग्रे चहा होता. त्याला बर्गमोट नावाच्या लिंबाच्या जातीच्या फळाचे तेल लावतात. ते फळ इटलीच्या दक्षिणेकडे, कालाब्रियात पिकते. कोलनवॉटरमध्ये तेच तेल असते, आणि त्यातला लिनालूल नावाचा सुवास धण्यांतही भरपूर असतो. म्हणजे तिघीही बरोबर होत्या!

दुसरा लिंबाच्या सालीचा होता. निम्म्याजणी गवती चहा म्हणाल्या. तीही चूक म्हणता येणार नाही, कारण सिट्रल हा एकच पदार्थ दोन्हींत असतो. तिसऱ्यात लवंग होती, पण एकीने तुळस सांगितली. तेथेही युजेनॉल हे सामाईक. मला मात्र लवंग पहिल्याच भुरक्याला कळली. इतके दिवस हुंगली होती ना!

चौथ्याला सगळ्यांनी तोंडे वाकडी केली. एक काकू, वय पंचाहत्तरच्या पुढे, एवढा वेळ गप्प होत्या. त्यांनी घोट घेऊन डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हे आमच्या माहेरचे न्हाणीघर. बंबाचे पाणी." तो चीनमधल्या फूच्यान प्रांतातला, वूयी डोंगरातला चहा होता. तो पाईनच्या लाकडांच्या धुरावर वाळवितात. काकूंनी मग आईच्या, विहिरीच्या, दिवाळीच्या पहाटेच्या गोष्टी सांगितल्या. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "वीस वर्षांत हे मी पहिल्यांदाच ऐकले." मला त्या पेल्यात धुराचा वास अगदी पुसट लागला, पण लागला.

आता थोड्या घरगुती सूचना. चहा दुसऱ्याचा वास चटकन ओढून घेतो, तेव्हा डबा मसाल्याशेजारी ठेवू नये. दोन चहांच्या मध्ये साधे पाणी प्यावे, चार कुरमुरे खावेत. काय वाटते ते आधी कागदावर लिहावे आणि मग बोलावे, नाहीतर पहिलीचेच उत्तर सगळ्या देतात. आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची: कोणाचा वास एकाएकी गेला तर माझ्यासारखी लपवालपवी करू नये, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. तोवर गॅसचे बटण घरातल्या दुसऱ्या माणसाकडून पाहून घ्यावे.

पुढल्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने आपल्या घरचा चहा पुडीत बांधून, नाव न घालता आणावा, अशी विनंती करते. गजरे खेळ संपल्यावर माळू.