मनगटावरचे घड्याळ आणि कापसाची पावती

(गागोदे बुद्रुक, ता. पेण, जि. रायगड येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



रात्रभर प्रवास करून तुम्ही वर्ध्याकडून, यवतमाळ-परभणीकडून इथे आलात. पऱ्हाटी आणि ज्वारी पाहायची सवय असलेल्या डोळ्यांना ही भाताची खाचरे परकी वाटत असतील. पण या गावाचे आणि तुमचे नाते जुने आहे. ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबा इथे जन्मले, लहानपणीच बडोद्याला गेले, आणि शेवटी त्यांचे घर झाले ते तुमच्या कापसाच्या मुलखात, पवनारला.

सकाळी कार्यकर्ते मला म्हणाले, विनोबांच्या गावी बोलायचे तर साध्या राहणीवर बोला. मी म्हटले, ते जमणार नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला साधी राहणी शिकवायची म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगायचे. १९५० च्या सुमारास विनोबांनी पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशावाचून जगायचे, आपल्या हाताने पिकवायचे. तो त्यांनी आपखुशीने पत्करला होता. आपली कांचनमुक्ती बाजार दरवर्षी न मागता करून देतो, आणि तिला कोणी प्रयोग म्हणत नाही.

तेव्हा आज मी घड्याळावर बोलणार आहे. निवडणुकीच्या चिन्हावर नव्हे, मनगटावरच्या घड्याळावर.

गांधीजींच्या कमरेला घड्याळ लटकत असे, हे तुम्ही फोटोत पाहिले आहे. त्यांचे एक खिशातले घड्याळ, चष्मा, चपला आणि ताट-वाटी यांचा मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला लिलाव झाला. १८ लाख डॉलरला ते सगळे घेतले विजय मल्ल्या यांनी. दारूचे कारखानदार, विमान कंपनीचे मालक आणि राज्यसभेवरही राहिलेले गृहस्थ. वर्तमानपत्रांनी देशाची अब्रू राखली म्हणून त्यांची पाठ थोपटली. पुढे त्यांच्या विमान कंपनीने बँकांचे हजारो कोटी थकवले आणि मार्च २०१६ मध्ये हे देश सोडून गेले. पन्नास हजारांचे पीककर्ज थकले की आपल्या दारात बँकेची जीप येते, ती त्यांच्या दारात कधी पोहोचली, याचा हिशेब तुम्हीच करा.

त्याच मार्च २०१६ मध्ये शेजारच्या कर्नाटकात विधानसभेत घड्याळावरून रण पेटले होते. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या मनगटावर ह्युब्लो नावाचे स्विस घड्याळ दिसले. कुमारस्वामींनी आरोप केला की त्याची किंमत ७० लाख रुपये. मुख्यमंत्री म्हणाले, एवढी किंमत नाही, दुबईत असणाऱ्या एका डॉक्टर मित्राने प्रेमाने दिले. शेवटी त्यांनी ते काढून विधानसभेच्या अध्यक्षांकडे जमा केले आणि ते सरकारी मालमत्ता झाले.

किंमत कोणाची खरी, ते सोडून द्या. आपण आपला हिशेब मांडू. २०१५-१६ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ४,१०० रुपये. ७० लाखांना १,७०७ क्विंटल कापूस लागतो. पाच एकरांचा कोरडवाहू शेतकरी, एकरी चार क्विंटल धरा, वर्षाला वीस क्विंटल. बी, खत, फवारणी, वेचणी, काही न काढता, लेकरांना पाणी पाजून झोपवले, तरी एका मनगटासाठी पंच्याऐंशी वर्षे कापूस पिकवावा लागतो. म्हणजे आजोबांनी सुरुवात केली तर नातवाच्या म्हातारपणी घड्याळ हाती येईल.

मला या प्रकरणातले दुसरेच काही टोचते. सिद्धरामय्या हे धनगर समाजातले, समाजवादी चळवळीतून आलेले, आजही धोतर नेसणारे. आरोप करणारे कुमारस्वामी म्हणजे स्वतःला मातीचा पुत्र म्हणवणाऱ्या देवेगौडांचे चिरंजीव. दोघांचीही मते आपल्यासारख्यांच्या झोपडीतून येतात. तमिळनाडूतही तसेच. भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष अण्णामलाई हे पोलीस खात्यातली नोकरी सोडून शेळ्या राखणारा म्हणून लोकांपुढे गेले. २०२२ च्या अखेरीस विरोधकांनी त्यांच्या मनगटाकडे बोट दाखवले. राफेल विमानाच्या नावाने काढलेले, जगात फक्त ५०० नग असलेले घड्याळ. ते म्हणाले, देशप्रेमापोटी घालतो. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी ३ लाखांची पावती दाखवली. ३ लाख म्हणजे त्या सालच्या हमीभावाने १०० क्विंटलच्या आसपास ज्वारी. पण पावती दाखवली, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

आता कोणी म्हणेल, घड्याळ वेळ पाहायला लागते, नेत्याला वेळेवर जायचे असते. (हशा) आमच्या तालुक्यात सभा अकराची असली की नेता दोनला येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण गंमत ऐका. बाजारात दोन-तीनशेला मिळणारे सेलवरचे घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद चुकते. लाखोंचे चावीचे किंवा आपोआप चावी बसणारे घड्याळ दिवसाला चार-पाच सेकंद चुकते. वेळ दाखवण्यात सेलवरचे घड्याळ १९६९ पासून पुढे गेले आहे. तेव्हा लाखो रुपये वेळेसाठी मोजलेले नसतात. ते मोजलेले असतात समोरच्याला कळावे म्हणून, की मला मोजायची गरज नाही.

हे सव्वाशे वर्षांपूर्वी वेब्लेन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने सांगून ठेवले. शेतकऱ्याचा पोर होता तो, नॉर्वेहून आलेल्या कुटुंबातला. १८९९ च्या पुस्तकात त्याने लिहिले की ज्याला हाताने काम करावे लागत नाही तो वर्ग दाखवण्यासाठी खर्च करतो, आणि वस्तू जितकी निरुपयोगी तितकी तिची प्रतिष्ठा मोठी. नांगर कोणी दिवाणखान्यात लावत नाही. लावला तर समजा, घरात आता कोणी नांगरत नाही.

घड्याळाने माणूस पकडलाही जातो. चीनमध्ये शान्सी प्रांतात यांग डाचाय नावाचा सरकारी अधिकारी होता. ऑगस्ट २०१२ मध्ये बसच्या अपघातात ३६ माणसे मेली. हा पाहणीला गेला आणि तिथे हसताना त्याचा फोटो निघाला. चिडलेल्या लोकांनी त्याचे जुने फोटो शोधले. प्रत्येक फोटोत मनगटावर वेगळेच भारी घड्याळ. पगाराशी मेळ बसेना. चौकशी झाली, २०१३ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली. रशियाच्या धर्मगुरूंची तऱ्हा निराळी. २०१२ मध्ये त्यांच्या फोटोतून मनगटावरचे घड्याळ पुसून टाकले गेले, पण समोरच्या गुळगुळीत टेबलावर पडलेले त्याचे प्रतिबिंब पुसायचे राहून गेले.

आता घरी येऊ. फेब्रुवारी २०१३ मध्ये मराठवाड्यात प्यायला पाणी नव्हते, जनावरे छावणीत बांधली होती. त्या वेळी चिपळूणला तेव्हाचे राज्यमंत्री भास्कर जाधव यांच्या घरचे लग्न गाजले. पक्ष घड्याळाच्या चिन्हाचा. मांडवाचा खर्च कंत्राटदाराने केल्याच्या बातम्या आल्या आणि खुद्द शरद पवारांना जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली.

जुलै २०२५ मध्ये कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेतला व्हिडिओ निघाला. मोबाईलवर पत्त्यांचा खेळ. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो, आलेला खेळ बंद करत होतो. महिनाअखेर कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते मिळाले. हसावे की रडावे, तुम्हीच ठरवा. पण एक बघा. शरद पवार २००४ ते २०१४ देशाचे कृषिमंत्री होते. त्यातच २००५ ते २००८ क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष, २०१० ते २०१२ जागतिक क्रिकेटचे अध्यक्ष. तीच वर्षे विदर्भातल्या कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांची. क्रिकेट चालवणे गुन्हा नाही, आणि त्यांनी ते उत्तम चालवले असेल. पण त्यासाठी कोणी त्यांचे खाते काढून घेतले नाही. पत्ते पारावरचा खेळ, म्हणून लाज वाटते. क्रिकेटचे मंडळ कोट्यवधींचे, म्हणून मान वाढतो. कृषिमंत्र्याचे लक्ष दुसरीकडे असणे वाईट असेल, तर ते दोन्हीकडे सारखेच वाईट असायला हवे.

वर्ग ओळखायचा तो इथे, भावांनो. त्यांनी खर्च केला की छंद, आपण केला की उधळपट्टी. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांचे कागद जळले, दख्खनच्या दंगली झाल्या. तेव्हाही साहेब लोक म्हणत, कुणबी लग्नात उडवतो म्हणून कर्जात बुडतो. इंग्रजांनीच नेमलेल्या आयोगाने तपासले आणि नमूद केले की लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून नको तितके महत्त्व दिले जाते. दीडशे वर्षे झाली. अजून प्रत्येक समिती आपल्याकडे येते आणि पहिला प्रश्न विचारते, लेकीच्या लग्नाला किती घातले? पोळ्याला बैलाच्या शिंगाला बेगड लावला, शंकरपटात जोडी उतरवली, तरी आपण उधळे. ७० लाखांच्या मनगटाला कोणी विचारत नाही, घरी कर्ज किती?

इथल्या भात पिकवणाऱ्या भावांना एक नाव ओळखीचे असेल, एचएमटी तांदूळ. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी दीड एकरात, पटेल-३ या वाणातून वेगळ्या लोंब्या निवडून निवडून १९८० च्या दशकात हा वाण काढला. बाजारात नाव नव्हते. त्या काळात एचएमटी घड्याळाची चलती, म्हणून एका व्यापाऱ्याने तेच नाव दिले. पुढे कृषी विद्यापीठाने तो पीकेव्ही-एचएमटी म्हणून प्रसारित केला. दादाजींना राष्ट्रपती कलामांच्या हातून पुरस्कार मिळाला, पण वाणाचा पैसा मिळाला नाही. ३ जून २०१८ ला ते हलाखीतच गेले. आज देशभर तो तांदूळ शिजतो. भारी घड्याळांच्या कंपन्या जाहिरातीत सांगतात, आमचे घड्याळ बनवायला वर्षे लागतात. दादाजींनाही वर्षेच लागली होती.

आणि आता जकातीचे. २०२५ मध्ये सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत काढून टाकले. आपली पहिली वेचणी घरात येते ती नेमकी याच दिवसांत. स्वित्झर्लंड आणि इतर तीन देशांशी केलेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, त्यात स्विस घड्याळांवरचे शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर आणायचे ठरले. माझा आयातीला विरोध नाही. बाजार खुला असावा असे म्हणणाऱ्यांपैकी मी आहे. पण घड्याळ घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला सात वर्षे आधी सांगितले जाते, आणि पेरणी करून बसलेल्या शेतकऱ्याला पीक बोंडावर आल्यावर कळते. हा फरक कोणत्या अर्थशास्त्रात बसतो?

म्हणून माझी मागणी छोटी आहे. नेत्याने भारी घड्याळ घालू नये असे मी म्हणत नाही. शेतकऱ्याच्या पोराने कमावले तर त्याने सोन्याचे घालावे, मी टाळी वाजवीन. पण आपण कापूस गाडीभर नेला तर काटा होतो, ओल मोजतात, पावती फाडतात, आधार नंबर मागतात, सातबारावर पेरा बघतात. चुकारा खात्यात येईपर्यंत आपण पैशागणिक हिशेब देतो. मग आपल्या गावात जिल्हा परिषदेची मते मागायला जो येईल, त्याला हार घालताना हात हातात घ्या, मनगट बघा आणि सरळ विचारा, दादा, याची पावती आहे का? मित्राने दिले म्हणाला, तर विचारा, त्या मित्राचे काम कोणते?

माझेही मनगट बघून घ्या. हे एचएमटीचे घड्याळ, वडिलांचे. १९७१ च्या उन्हाळ्यात लग्नात आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, जावयाला दिले. तेव्हा घड्याळ, सायकल आणि रेडिओ असे तीन आकडे बोलीत असायचे. लहानपणी मला याचा फार अभिमान होता. वडील मिरवायचे, त्यांच्या मागे मी मिरवायचो. याची पावती माझ्याकडे नाही. आई गेली त्याच्या आदल्या वर्षी तिने सांगितले की घड्याळ आणि सायकल द्यायला आजोबांनी जोडीतला एक बैल विकला. त्या मृगात त्यांनी उरलेला बैल शेजाऱ्याच्या बैलाशी सावडीने जुंपून पेरले. त्याच्या पुढचे साल बहात्तरचे होते.