सुटे घर आणि पाच फुटांचा बोळ



वर्तकनगरात उभे राहून सुट्या घरांविषयी बोलणे हे थोडे धाडसाचेच. ही वसाहत गृहनिर्माण मंडळाची. तिच्या जुन्या इमारती पाडून आता मनोरे उभे राहत आहेत. येथल्या जमिनीचा भाव पाहता पोखरण रस्त्यावर कोणी अंगणाचे घर बांधील, अशी आशा मीही करीत नाही. परंतु घोडबंदर रस्त्याकडेच्या गावांत, टिटवाळ्याच्या वाटेवर, गुंठाभर जमीन घेऊन बसलेली माणसे आहेत. आपल्यापैकी काहींचे भाऊबंदही त्यांत असतील. त्यांना नियमात राहून घर बांधता येते काय, हा आजचा प्रश्न. (तुकडेबंदीचा 1947 चा कायदा हे निराळे प्रकरण आहे, त्यात आज शिरत नाही.)

मुंबई शहर वगळून राज्यातील बहुतेक शहरांना लागू असलेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर 2020 मध्ये आली. तीत सुटे घर, जोडघर आणि ओळघर असे प्रकार आहेत. सुटे घर म्हटले की दोन्ही बाजूंना सामासिक अंतर सोडणे आले. आता गुंठ्याच्या आसपासचा, 20 फूट रुंद आणि 50 फूट लांब असा तुकडा घ्या. हिशेबापुरते दोन्ही बाजूंस पाच-पाच फूट सोडा. घराला उरले दहा फूट! त्यात जिना कोठे आणि खोली कोठे?

मग ओळघर बांधा, असे कोणी म्हणेल. ओळघर चांगलेच, पण ओळ एकट्याने होत नाही. एकाजवळ आज पैसा आहे, शेजाऱ्याजवळ दहा वर्षांनी येईल. भिंत सामाईक असली की मजला चढवताना संमती हवी, ओल आली की भांडण हवेच. म्हणून असा मनुष्य शेवटी काय करतो? परवानगीच्या वाटेला न जाता कुंपणापासून कुंपणापर्यंत भिंती उठवतो, आणि पुढे आयुष्यभर नोटिशीची धास्ती बाळगतो.

सामासिक अंतराचा नियम मूर्खपणातून आलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. 1896 साली मुंबईत प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट चाळींत माणसे कशी मेली, हे पाहून 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. या ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा दंडक घातला. त्याचा सोपा अर्थ असा, की समोर जितकी मोकळी जागा, तिच्या दुपटीहून भिंत उंच नसावी. उंची वाढली की अंतर वाढावे. यात न्याय आहे, कारण त्यात भूखंडाचे माप न पाहता खिडकीला उजेड मिळतो की नाही, हे पाहिले आहे.

तोच न्याय लहान घराला लावा. घर एकमजली असो वा दुमजली, उंची वीस फुटांपलीकडे नको. खोल्यांच्या खिडक्या पुढे आणि मागे ठेवा, तिथल्या मोकळ्या जागेत एक फूटही सूट देऊ नका. एका बाजूची भिंत हद्दीलगत आणि बिनखिडकीची. दुसऱ्या बाजूस चार फुटांचा बोळ. दहाऐवजी सोळा फुटांचे घर मिळते, आणि भिंत ज्याची त्याची राहते.

आगीचा बंब त्या बोळात जाणार नाही, हा आक्षेप खरा. पण तो पाच फुटांतही जात नाही! बंबाला रस्ता लागतो. तेव्हा रस्त्याच्या रुंदीत सवलत मागू नये, असे मी स्वतः म्हणेन. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. आज दुमजलीची सूट घेऊन उद्या वर तिसरा आणि चौथा मजला चढला तर? आपल्याकडे हे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. यासाठी उंचीची अट परवानगीच्या कागदावर आणि विक्रीच्या दस्तातही लिहिली जावी, आणि बोळातून गटार कोणाचे जाणार, तेही तेथेच ठरावे.

1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 37 प्रमाणे असा बदल सुचवता येतो. तो जाहीर झाल्यावर हरकती व सूचनांसाठी महिन्याची मुदत असते. ती नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते. चष्मा लावून वाचावी लागते.